पहिल्या मजल्यावरचे सैनिक कल्याण कार्यालय : चार महिन्यांचा अनुभव

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील आमचे मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. परंतु निवृत्तिवेतनाला लागणारी १५ वर्षे भरण्यापूर्वीच त्यांना परतावे लागले. पुढे मधुमेहाने उजवा पाय गुडघ्याखालून गेला, अतिवृष्टीत घर पडले, मुले ऊसतोडीला गेली आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मामा मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर राहू लागले. (माझ्याकडे यायला ते तयार नाहीत, तो विषय निराळा.) अशा माणसाला जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय कितपत उपयोगी पडते, हे गेल्या चार महिन्यांत मी जवळून पाहिले.

पहिली अडचण जिन्याची. कार्यालय वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. येथे कुबड्या घेऊन कोणी येईल, हे जागा निवडणाऱ्याला सुचले नसावे. मी वर जाऊन सांगितल्यावर मात्र कल्याण संघटक स्वतः रजिस्टर घेऊन खाली आले आणि पायरीवर मामांच्या शेजारी बसले. डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातल्या सेवेची नोंदवही, घराबरोबर मातीत गेलेले. मामांना भरतीचे वर्ष धड आठवेना, कंपनीचे नाव दोनदा चुकले, पण संघटकांनी "काका, नंबर?" असे विचारताच त्यांनी पाठ ताठ केली आणि सैनिकी क्रमांकाचे सगळे आकडे, शेवटच्या अक्षरासकट, एका दमात म्हटले. तेवढ्या धाग्यावर पोलिसांतील हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि रेजिमेंटच्या बेळगावातील रेकॉर्ड ऑफिसकडे दुय्यम प्रतीचा अर्ज, हे सारे संघटकांनीच मार्गी लावले.

निवृत्तिवेतन नसल्यामुळे ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची सुविधा मिळणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. पायासाठी पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र सुचवले; १९४४ पासूनच्या या लष्करी केंद्रात नागरिकांचीही सोय होते. निवृत्तिवेतन नसलेल्या, ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना संरक्षणमंत्र्यांच्या कल्याण निधीतून मिळणारे अनुदान नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी दरमहा ४,००० वरून ८,००० रुपये झाले आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळले. परंतु त्या अर्जाला माजी सैनिकाचे ओळखपत्र हवे, आणि ओळखपत्राला राहण्याचा पुरावा. "देवळाचा पत्ता चालत नाही," म्हणून खिडकीवरच्या लिपिकाने कागद दोनदा परत केले. अखेर सरपंचांच्या दाखल्यावर भागले. तोच पहिल्या दिवशी मागितला असता, तर एसटीच्या दोन खेपा वाचल्या असत्या.

निवाऱ्याचे विचाराल, तर सैनिकी विश्रामगृह मुक्कामापुरते असते, राहण्यासाठी नव्हे. मामांना दोन रात्री खोली मिळाली, चादरी स्वच्छ होत्या, गरम पाणीही होते. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा ओसरीवर.

कोणाला न्यायचे असेल, तर संघटक आपल्या तालुक्याच्या दौऱ्यावर कधी येतात, हे आधी फोनवर विचारून घ्यावे. त्या दिवशी तालुक्यालाच गाठ पडली, तर तो जिना चढावा लागत नाही.