लॉगबुकातले तेरा तास चाळीस मिनिटं

माझं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, झालं त्या दिवशी उदगीरला आमच्या दारात पेढे वाटले. २०० तासांचं फ्लाइंग पुरं व्हावं म्हणून अण्णांनी दोन एकर रान विकलं होतं, सोयाबीनचं. पुढे दीड वर्ष मी घरी बसून होते. भरती निघायची, अर्ज करायचे, बोलावणं यायचं नाही. बसून राहिलेल्या पायलटला आतून एकच भीती खात असते: हात विसरत चाललाय.

त्याच भीतीवर एकाने धंदा केला. छत्रपती संभाजीनगरात त्याचं करिअर गायडन्सचं ऑफिस होतं. तो म्हणाला, "ताई, टेन्शन कशाला घ्यायलाव? गेल्या सहा महिन्यांत पंधरा तास नसले तर कुणी बोलवतच नाही, डीजीसीएचा नियमच हाय तसा. वीस तास करून देतो, इंटरव्ह्यू माझ्याकडं लागला." पॅकेज साडेतीन लाखांचं, सगळे पैसे आगाऊ. अण्णांनी सोसायटीचं कर्ज काढलं.

डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, तो नियम खरा आहे, म्हणून तर मी फसले. पण तो सीपीएलसाठी अर्ज करतानाचा आहे: १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्यावर असताना उडालेले, त्यातले किमान १५ अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले. माझं लायसन्स तर आधीच हातात होतं. नोकरीसाठी अलीकडचे किती तास हवेत ते ज्या त्या एअरलाइनच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. अर्ज थेट त्यांच्याकडे करायचा, मग लेखी परीक्षा, सिम्युलेटर, मुलाखत. यात मधल्या माणसाला जागाच नाही. हे मी पैसे देण्याआधी तपासायला हवं होतं.

राज्याबाहेरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये मला पाठवलं. तीन आठवड्यांत उडाले ६ तास २० मिनिटं. कधी पेट्रोल नाही, कधी इन्स्ट्रक्टर रजेवर, कधी विमान मेंटेनन्सला. मग एका संध्याकाळी तिथल्या ऑफिसातल्या माणसाने कागद पुढे सरकवला. त्यावर २० तास भरलेले होते, तारखा आणि वेळांसकट. "ह्या एंट्री लॉगबुकात उतरवून सही करा, सगळेच करतात."

त्यातली एक एंट्री मी वाचली आणि घामच फुटला. त्या दिवशी ते विमान काऊल (इंजिनावरचं झाकण) काढून हँगरमध्ये उभं होतं, मी स्वतः शेजारी बसून चहा घेतला होता. लॉगबुक ही पायलटची वही; विमानाची वही, टेक लॉग, वेगळी असते, त्या विमानाच्या उड्डाणांच्या नोंदी तिच्यात होतात. एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, असेल तर त्यांच्याकडेही वेळ असते. उद्या कुणी दोन वह्या शेजारी ठेवल्या तर खोटी ठरते मी. लॉगबुक माझं, सही माझी. २०११ मध्ये देशात बनावट कागदपत्रांवर लायसन्स काढलेले पायलट सापडले, तेव्हा अटका झाल्या, लायसन्स गेली, हे ट्रेनिंगमध्येच आम्हाला सांगितलं होतं. आणि पकडलं गेलं नाही तरी काय? मागे दीडशे माणसं बसलेली असताना न उडालेले १३ तास ४० मिनिटं कुठून आणायचे?

मी सही केली नाही. पैसे परत मागितले तर एजंट म्हणाला, तास तर दिलेत, तुम्हीच नाकारलेत. पावतीवर 'मार्गदर्शन शुल्क' लिहिलं होतं, फ्लाइंगचा शब्द नव्हता. मी पोलिसांत तक्रार दिली आहे. साडेतीन लाखांतला रुपया अजून आलेला नाही.

कुणी असं पॅकेज घेऊन तुमच्या दारात आलं तर आधी फ्लाइंग स्कूलला स्वतः फोन करा. विमानाचा व्हीटीने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा आणि सध्या ते उडण्याच्या स्थितीत आहे का विचारा. पैसे तासागणिक द्या, उतरल्यावर. प्रत्येक उड्डाणानंतर टेक लॉगमधल्या वेळा आपल्या डोळ्यांनी बघा आणि त्याच दिवशी लॉगबुकात लिहा. पावतीवर तासांचा आकडा आणि विमानाचा क्रमांक नसेल तर पैसे काढूच नका.

माझ्या लॉगबुकात त्या तीन आठवड्यांचे ६ तास २० मिनिटं आहेत. तेवढेच.