हंटर का लुशा? जिनिंगसाठी माणूस शोधताना

हिंगणघाटकडं जिनिंगले (कापसातून सरकी काढाच्या मिलले) इंजिनिअर शोधून द्याचा असन तं क्रोममध्ये हंटर आन लुशा, लोकाईचे मेल-नंबर शोधून देणारे दोन्ही एक्सटेन्शन (ब्राउझरले जोडाचे छोटे प्रोग्राम) कामाचे हायेत. हंटर कंपनीच्या डोमेनवरून, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून, मेल काढते, तो नेटवर कुठं दिसला ते पण दाखवते, मले हेच लई आवडते कारण कोणी विचारलं तं सांगता येते का भाऊ, तुमचा मेल अठून भेटला. पण ज्या मिलची वेबसाइटच नाही, सारा कारभार जीमेलवर, तिथं हंटर काय करन? लुशा लिंक्डइन प्रोफाइलवर चालते, मोबाइल नंबर पण देते. फुकटचे क्रेडिट, म्हणजे पैसे न देता मेल-नंबर काढाची मुभा, दोन्हीत मोजकेच. तरी मी पहिले हंटरच उघडतो, कापसाच्या सीझनमध्ये माणूस मशीनपाशी उभा असते, तवा अनोळखी फोन नको, आधी मेल टाका, हो म्हणला का मंग नंबर.