पार्किंग एक नंबर शिकवतात, चढाचं मात्र तुमचं तुम्ही बघा

वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते, वय ४३, ॲक्टिव्हा कित्येक वर्षं चालवतेय पण कारचं स्टीअरिंग यंदाच हातात घेतलं. ड्रायव्हिंग क्लास घराजवळचाच, नाव लिहीत नाही कारण शिकवणारे भाई मनाचे चांगले आहेत. वीस दिवस, रोज अर्धा तास, गाडी जुनी वॅगन आर, फी साडेचार हजार, आरटीओचे पैसे वेगळे.

आपल्याकडे दरजीपुऱ्याच्या आरटीओत कारची टेस्ट ऑटोमॅटिक ट्रॅकवर होते, सेन्सर आणि कॅमेरे, शेजारी कोणी साहेब बसत नाही की थोडं चुकलं तर समजून घेईल. पॅरलल पार्किंग, आठचा आकडा (भाई त्याला आठडो म्हणतात), रिव्हर्समध्ये इंग्रजी एसच्या आकाराचं वळण आणि चढावर थांबून परत निघणं, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं हो.

पार्किंगला क्लासला पैकीच्या पैकी. मैदानात चार ड्रम ठेवलेत, पुढच्या ड्रमच्या रेषेत गाडी आणायची, मागे घेत स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, गाडी तिरकी झाली आणि उजव्या आरशात मागचा ड्रम दिसला की चाकं सरळ, मग नाक आत यायला लागलं की पूर्ण उजवीकडे. मी तीन दिवस ड्रम ठोकले, चौथ्या दिवशी बसलं ते बसलंच. रिव्हर्स एसला मान वळवत बसायचं नाही, दोन्ही आरशात रेषेपासूनचं अंतर सारखं ठेवायचं, आणि सगळं फर्स्टमध्ये किंवा रिव्हर्समध्ये हाफ क्लचवर (म्हणजे क्लच अर्धाच दाबून), ॲक्सिलरेटरला पायच लावायचा नाही. हे त्यांनी खरंच छान करून घेतलं.

आता तक्रार. क्लासच्या गाडीत भाईंच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. मला वाटायचं काय मस्त चालवतेय मी, गाडी कधी बंदच पडत नाही! चौदाव्या दिवशी खाली लक्ष गेलं तर अर्धा क्लच तेच दाबत होते. मी म्हटलं पाय वर घ्या, तर म्हणे "बेन, गाडी बंद थई जशे." झाली की, पाच मिनिटांत सहा वेळा. त्यामुळे तुम्ही पहिल्या आठवड्यातच त्यांना मांडी घालून बसायला सांगा, राग आला तरी चालेल.

आणि मैदान सपाट, चढ नाहीच! पहिल्या टेस्टला तीन गोष्टी नीट झाल्या आणि चढावर गाडी मागे आली, नापास. परत द्यायला ७ दिवस थांबावं लागतं, ते सात दिवस मी बहिणीच्या अपार्टमेंटच्या बेसमेंटच्या रॅम्पवर काढले, वॉचमन हसायचा. भावजींनी शिकवलं, हँडब्रेक ओढून ठेव, क्लच हळूहळू सोड, इंजिनचा आवाज जड झाला आणि बॉनेट जरा उचललं की थोडा ॲक्सिलरेटर दे आणि तेव्हाच हँडब्रेक सोड. हे क्लासात एकदाही सांगितलं नव्हतं, साडेचार हजारात एवढं तरी यायला हवं होतं ना.

दुसऱ्यांदा पास. तीन स्टार देते, तिन्ही पार्किंगचे. आणि लर्निंग लायसन्स निघाल्यावर ३० दिवस झाले म्हणून एकतिसाव्या दिवशी टेस्टला धावू नका, ते ६ महिने चालतं. मी धावले होते. लायसन्स घरी आलंय, पण मांडवीकडे अजून ॲक्टिव्हावरच जाते.