न्यायाधीश: मतांनी निवडावा की परीक्षेने नेमावा?

मोहोळच्या शिवारातला बांधाचा दावा घ्या. एका बाजूला मोठी भावकी, दुसऱ्या बाजूला एकटी विधवा. न्यायाधीशाला पुढच्या वर्षी मतं मागायची असतील, तर मोजणीचा नकाशा बघतानाही डोक्यात मतदार यादी घोळणारच.

अमेरिकेत अनेक राज्यांत न्यायाधीश निवडून येतात. प्रचाराला पैसा लागतो आणि गाडं तिथंच अडतं. वेस्ट व्हर्जिनियात २००४ साली एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवारामागे सुमारे ३० लाख डॉलर ओतले. तो निवडून आला आणि त्याच कंपनीच्या ५ कोटी डॉलरच्या अपिलात न्यायाधीश म्हणून बसला. त्याने बाजूला व्हायला हवं होतं, हे २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. मेक्सिकोने २०२५ मध्ये न्यायाधीशांसाठी मतदान घेतलं, तर जेमतेम १३ टक्के लोक आले.

सोलापूरच्या कोर्टात कनिष्ठ स्तराचे न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात. जिल्हा न्यायाधीशाला राज्यघटनेच्या कलम २३३ प्रमाणे उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने राज्यपाल नेमतात. थेट वकिलांतून यायचं तर किमान ७ वर्षं वकिली हवी. आम्हाला हीच पद्धत बरी वाटते. पण बदल्यांचा त्रास खरा आहे: साक्ष एकासमोर, युक्तिवाद दुसऱ्यासमोर. साक्षीदार कुठे चाचरला, हे नव्या साहेबांना कागदावर दिसत नाही.

निकाल पटला नाही तर मतपेटीची वाट बघावी लागत नाही. कनिष्ठ स्तराच्या हुकूमनाम्यावर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तर पुढे ९० दिवसांत उच्च न्यायालयात. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरकरांसाठी ते उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे (फिरत्या खंडपीठापुढे) चालतं.