दहावीनंतर आयटीआय की डिग्री? नागपुरातल्या घरांसाठी

दहावीचा निकाल लागला की नागपुरातल्या कितीतरी घरांत हा वाद सुरू होतो. माझं मत आधीच सांगतो: ज्या मुलाला किंवा मुलीला हातानं काम करायला आवडतं, त्यांनी आधी आयटीआय करावं.

वर्षांचा हिशेब सोपा आहे. वेल्डरचा ट्रेड, म्हणजे त्या कामाचा कोर्स, १ वर्षाचा. फिटर, इलेक्ट्रिशियन, एसी-फ्रिज मेकॅनिक २ वर्षांचे. म्हणजे अठराव्या वर्षी पोरगा अप्रेंटिस म्हणून लागू शकतो, स्टायपेंड सुरू होतो. बारावी आणि मग बी.कॉम. म्हटलं तर एकविसावं वर्ष उजाडतं, आणि तोवर पैसा घरूनच जातो.

पण खरा फरक शिकण्यात आहे. फिटरच्या सुरुवातीच्या दिवसांत पोरं व्हाइसमध्ये लोखंडाची पट्टी आवळून कानस मारत असतात. कड सरळ झाली असं वाटलं की गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडासमोर धरायची. फटीतून रेघभर उजेड दिसला की परत कानस. तळव्याला फोड येतात. कुणाला आठवड्यात नकोसं होतं, कुणाचा त्यातच जीव रमतो. दहावीच्या टक्क्यांवरून हे कळत नाही. म्हणून ‘टक्के कमी पडले, टाका आयटीआयला’ हे ऐकलं की मला वाईट वाटतं. अशानं मुलाचंही नुकसान आणि ट्रेडचंही.

काम आहे का? हिंगणा आणि बुटीबोरीची एमआयडीसी आहे, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं आहेत. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या भरतीला दहावी आणि ठरावीक ट्रेडचं आयटीआय चालतं. एसी मेकॅनिकला मार्च ते जून जेवायला फुरसत नसते. मात्र पारा ४५ च्या वर असताना गच्चीवर आउटडोअर युनिट उघडून बसावं लागतं, आणि पावसाळ्यात फोन थंडावतात. कारखान्यांत बरीच भरती ठेकेदारामार्फत होते, तेव्हा पीएफ भरला जातो का हे पहिल्याच दिवशी विचारा. चाळिशीनंतर कंबर-खांदे बोलू लागतात, हेही धरून चाला.

डिग्रीची बाजू कुठे भक्कम आहे? एमपीएससीची राज्यसेवा, बँकेतलं अधिकारीपद, हायस्कूलमधली शिक्षकी, वकिली. इथे पदवीशिवाय पाऊल टाकता येत नाही. यातलं काही मनापासून हवं असेल, तर डिग्रीच करा. लग्न जुळवतानाही पदवीला वजन आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण काहीच ठरलेलं नसताना ‘नावापुढे काहीतरी असावं’ म्हणून केलेली बी.ए. मला सगळ्यांत महाग वाटते. त्यानंतरची वर्षं अभ्यासिकेत जातात आणि कामाचा अनुभव शून्यच राहतो.

आता जे बऱ्याच पालकांना ठाऊकच नसतं ते. दहावीनंतर २ वर्षांचं आयटीआय केलं, की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो; डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. उलट वाटही आहे, पदवीधरालाही आयटीआय करता येतं. पण बाविसाव्या वर्षी सोळा वर्षांच्या पोरांसोबत कानस धरायला फार कमी जण तयार होतात.

फॉर्म भरण्याआधी जवळच्या आयटीआयची परवानगी काढून मुलाला वर्कशॉप दाखवा. तिथल्या मोठ्या पोरांशी त्याला एकट्याला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा.