सांगलीतली एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्री: चार सेमिस्टरनंतरचा अनुभव, रोटाव्हॅपच्या पाण्यासकट

८८ क्रेडिट, दर सेमिस्टरला २२, पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या चारही शाखा आणि दुसऱ्या वर्षी स्पेशलायझेशन. हे सगळं प्रॉस्पेक्टसमध्ये आहे, परत टाइप करत नाही. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. सांगली-साताऱ्याकडच्या ज्या विभागांत एकच रोटाव्हॅप (कमी दाबाखाली फ्लास्क फिरवत सॉल्व्हंट, म्हणजे द्रावक, आटवणारं मशीन) आहे, तिथं यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

तक्रार एकच आहे, पण ती सगळीकडे झिरपते. रोटाव्हॅपला व्हॅक्यूम मिळत नाही.

मशीन चांगलं आहे, फ्लास्क तापवायला गरम पाण्याचा बाथ आहे, फ्लास्क फिरतो. घोळ खालच्या पंपात आहे. पाणी फिरवून व्हॅक्यूम देणारा पंप त्याच पाण्याच्या बाष्पदाबाच्या खाली जाऊच शकत नाही. पाणी २० अंशांवर असेल तर साधारण १८ मिमी (पाऱ्याचे), ३० ला ३२ मिमी, ३५ ला ४२ मिमी, ४० ला ५५. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी आधीच कोमट असतं, वर पंपाची मोटर ते आणखी तापवते. त्यामुळे दुपारच्या बॅचला शेवटच्या चौघांच्या वाट्याला जे येतं त्याला व्हॅक्यूम म्हणणं म्हणजे उपकारच.

गेजबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून इथं लिहितोय. डायल गेज बाहेरच्या हवेशी फरक दाखवतो. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथली हवाच साधारण ७१२ मिमीची. काटा ७६० ला कधीच जाणार नाही, त्यासाठी ग्रीस थापत बसू नका. पाणी ३५ अंशांवर असताना काटा ६७० दाखवत असेल तर जोड उत्तम आहेत, पंप जमेल तेवढं करतोय. ६०० च्या आसपास अडकला तर मात्र दोन शक्यता. एकतर गळती आहे: पंपाची नळी चिमटीत दाबून बघा, काटा लगेच वर गेला तर दोष रोटाव्हॅपच्या बाजूला, बहुतेक वेळा फिरणाऱ्या जोडाच्या सीलमध्ये. नाहीतर पंपाच्या पाण्याच्या टाकीत सॉल्व्हंट साठलंय.

ही दुसरी शक्यता इथं नेहमीची. वाफ थंड करून परत द्रव करणाऱ्या कंडेन्सरला चिलर नाही, नळाचं पाणी सोडतात. ढोबळ हिशोब असा की कंडेन्सर, वाफ आणि बाथ यांच्यात प्रत्येकी २० अंशांचं अंतर हवं. कंडेन्सर ३२ वर आणि डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हंट साध्या दाबालाच ४० ला उकळतं, मग व्हॅक्यूममध्ये ते थांबणार कुठं? सरळ पंपाच्या टाकीत. इथाइल अॅसिटेट तर पाण्यात आठ टक्क्यांपर्यंत विरघळतं. मग पंप तुमचा फ्लास्क ओढायचा सोडून आदल्या बॅचचं इथाइल अॅसिटेट ओढत बसतो. टाकीचं झाकण उघडून वास आला की पाणी बदला, शिपाईमामांची वाट बघू नका. पण ते पाणी बेसिनमध्येही ओतू नका, वेस्टच्या कॅनमध्ये जाऊ द्या.

एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर इतकं का लिहायचं? कारण याचा भुर्दंड पुढं एनएमआरमध्ये (रेणूची रचना पीकवरून ओळखायची तपासणी) पडतो. सॅम्पल कोल्हापूरला किंवा पुण्याला जातं, दर सॅम्पलमागं पैसे जातात, नंबर लागायला वेळ जातो. आणि स्पेक्ट्रम येतो तेव्हा त्यात १.२६, २.०५ आणि ४.१२ पीपीएमला इथाइल अॅसिटेट दिमाखात उभं. आपल्या पदार्थाच्या मिथॉक्सी गटाचा पीक ३.८ ला, त्याच्या शेजारी हा पाहुणा आपल्यापेक्षा उंच. प्रोटॉन एनएमआरला पाच-दहा मिलिग्रॅम पुरतात, कार्बन एनएमआरला वीसच्या वर द्या. पण वीस मिलिग्रॅममध्ये पाच मिलिग्रॅम सॉल्व्हंट असेल तर यिल्डही (मिळालेल्या पदार्थाचं प्रमाण) खोटा आणि वायव्हात उत्तरही नाही.

उपाय आहे आणि स्वस्त आहे. कॉलममधून वेगळे करून घेतलेले फ्रॅक्शन आटल्यावर फ्लास्कमध्ये दोन-तीन मिली क्लोरोफॉर्म घाला, परत आटवा. असं तीनदा केलं की चिकट तेलात अडकलेलं इथाइल अॅसिटेट निघून जातं. उरलंच तर क्लोरोफॉर्म उरतो, तो ७.२६ ला, जिथं एनएमआरसाठी वापरायच्या सीडीसीएल-३ या सॉल्व्हंटचा पीक तसाही असतो. फक्त शेवटी वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, नाहीतर यिल्डमध्ये क्लोरोफॉर्म मोजाल. डीएमएफ या उशिरा उकळणाऱ्या सॉल्व्हंटच्या बाबतीत मात्र या पंपाकडून आशाच ठेवू नका. ६० अंशांच्या बाथला त्याला ८-१० मिमी लागतात, ते इथं डिसेंबरातही मिळत नाहीत. पाण्यानं आणि ५ टक्के लिथियम क्लोराइडनं तीन-चार वॉश द्या, नाहीतर २.८८, २.९६ आणि ८.०२ हे त्याच्या पीकचे आकडे पाठ होतील. विभागात ऑइल पंप आहे, तो कपाटात. सॉल्व्हंटनं ऑइल खराब होतं हे कारण खरं आहे, कोल्ड ट्रॅप (वाफ गोठवून अडवणारा) नसेल तर होतंच. ट्रॅपला द्रव नायट्रोजन हवा. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो तालुक्याच्या गावी पोचतो, एम.एस्सी.च्या लॅबला पोचत नाही.

इथपर्यंतचं पहिल्या वर्षाअखेरी लिहून ठेवलेलं, तेव्हा कोर्सला पाचपैकी दोन मार्क दिले होते. चार सेमिस्टर संपल्यावर साडेतीन देतोय. पंप तोच आहे. फरक असा की दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टवाल्यांना सकाळी साडेसातला लॅब उघडून मिळते, आणि बर्फ वापरायला हरकत घेतली जात नाही. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ-पाणी आणि माशांच्या टाकीतला छोटा पंप, त्याची नळी कंडेन्सरला. पंपाच्या टाकीतही बर्फाचे खडे. पाणी १५ च्या खाली ठेवलं तर काटा ७०० ला टेकतो. मशीन तेच, पण हळदीचा इथेनॉल अर्क आता बाथ ४५ वर ठेवूनही झटपट आटतो.

हळदीवरून आठवलं, निम्मे प्रोजेक्ट कर्क्युमिनवर, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्यावर, असतात. सांगलीत राहून दुसरं काय सुचणार! घ्यायचाच असेल तर नुसतं सॉक्सलेटनं अर्क काढून ४२५ नॅनोमीटरला रीडिंग घेऊन थांबू नका. क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ९५:५ मध्ये टीएलसीवर (पातळ थराच्या प्लेटवर घटक वेगळे करायची पद्धत) तीन ठिपके दिसतात, सगळ्यात वरचा कर्क्युमिन, खालचे दोन त्याचे डिमिथॉक्सी भाऊबंद. तिघं वेगळे करून दाखवले तर परीक्षक खुर्चीत सरळ बसतात.

शिकवणं चांगलं आहे. मेकॅनिझम आणि स्पेक्ट्रोस्कोपी तर फारच. पण नेट (सीएसआयआरची केमिकल सायन्सची परीक्षा) देणार असाल तर लक्षात ठेवा, दुसऱ्या वर्षी फिजिकल आणि इनऑरगॅनिकशी संबंध संपतो आणि पेपर सगळ्यांवर येतो. पार्ट सीमध्ये ६० पैकी २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ मार्क. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या वह्या रद्दीत घालू नका.

ओजेटीचे (ऑन जॉब ट्रेनिंग, बाहेर जाऊन काम शिकायचं) ४ क्रेडिट दुसऱ्या सेमिस्टरला. बरेच जण जवळचा म्हणून साखर कारखाना धरतात. तिथली लॅब ब्रिक्स-पोलसाठी (रसातल्या साखरेची मापं) झकास, पण गाळप साधारण मार्चअखेर आटोपतं. मेमध्ये गेलात तर नुसती झाडलोट बघायची. फेब्रुवारीतच पत्र घेऊन जा, किंवा कुरकुंभ, लोटे, महाड इथल्या कंपन्यांत क्यूसीमध्ये (क्वालिटी कंट्रोल) प्रयत्न करा. खोलीभाडं जाईल, पण एचपीएलसीला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हात लागेल.

साडेतीनातून अर्धा आणखी कापायचा मोह बर्फामुळं होतो. प्रोजेक्टच्या खर्चातून बर्फाचे पैसे मिळत नाहीत, कारण पक्कं बिल लागतं आणि बर्फवाला वहीचं पान फाडून देतो. चौघांनी मिळून लादी घ्या, गोणपाटात गुंडाळा. दहा-साडेदहापर्यंत पुरते.