काच वितळवण्याची विद्युतभट्टी आणि घासकामाचा संच: सोलापुरातील वापरानंतरचा अनुभव

खिडक्यांच्या काचेच्या उरलेल्या तुकड्यांपासून थाळ्या, दिव्यांची आवरणे आणि दारावरच्या पाट्या करण्यासाठी मी वरून उघडणारी, सिंगल फेजवर चालणारी छोटी विद्युतभट्टी घेतली. आत हलक्या उष्णतारोधक विटा, झाकणात व बाजूंना कँथलच्या (उष्णता देणाऱ्या मिश्रधातूच्या) तारेची वेटोळी, के-प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणारा संवेदक) आणि टप्प्याटप्प्याने तापमान चढवणारा-उतरवणारा कंट्रोलर अशी तिची रचना आहे. सोलापूरचा संपूर्ण उन्हाळा आणि पावसाळा तिने काढला असल्यामुळे आता तिच्याविषयी ठामपणे लिहिता येईल. भट्टी म्हणून ती चांगली आहे. मात्र तिच्या पुस्तिकेतील तापमानाचे वेळापत्रक जसेच्या तसे वापरण्याजोगे नाही, आणि काच भट्टीतून बाहेर आल्यावर कामाचा निम्म्याहून अधिक भाग शिल्लक असतो, हे विक्रेते सांगत नाहीत.

प्रथम विजेविषयी. माझी कार्यशाळा यंत्रमागांच्या वस्तीत आहे आणि संध्याकाळी तेथे व्होल्टेज उतरते. तारेतून मिळणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे २३० व्होल्टचे २०० झाले की सुमारे २४ टक्के शक्ती कमी होते. ६०० अंश सेल्सिअसपर्यंत हे फारसे जाणवत नाही, परंतु त्यापुढे भट्टी रेंगाळते आणि ७०० अंशांच्या पुढचा जो पट्टा काचेने लवकर ओलांडायला हवा (रेंगाळल्यास तिच्यावर स्फटिकांचा पांढुरका थर येऊ शकतो), त्यातच ती अडकून पडते. रात्री उशिरा भट्टी लावणे हा त्यावर सोपा उपाय आहे. वीज गेल्यास झाकण उघडू नये, कारण विटा बराच वेळ उष्णता धरून ठेवतात. मात्र वीज परतल्यावर कंट्रोलर थांबलेल्या टप्प्यापासून पुढे जातो, पहिल्यापासून सुरू होतो की बंद राहतो, हे खरेदीच्या वेळीच पाहून घ्यावे. थंड होताना वीज गेली आणि तापमान ठरल्यापेक्षा वेगाने उतरले, तर पुन्हा सावकाश ५५० अंशांपर्यंत नेऊन तेथून नव्याने उतरवणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

पुस्तिकेतील वेळापत्रक जुळत नाही, याचे कारण थर्मोकपल त्याच्या टोकाजवळच्या हवेचे तापमान सांगते, काचेचे नव्हे. माझ्या भट्टीत ते झाकणातील तारांच्या जवळ आहे, त्यामुळे चढताना आकडा काचेच्या पुढे धावतो. आतील उष्णता कोठे कमी-जास्त आहे हे पाहण्यासाठी एकाच काचेच्या सारख्या मापाच्या पट्ट्या कापून त्यांची टोके विटांच्या तुकड्यांवर टेकवावीत, फळीच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी असे पूल मांडावेत आणि ७०० अंशांच्या आसपास नेऊन कोणती पट्टी किती वाकली ते पाहावे. माझ्याकडे बिजागरीच्या बाजूची पट्टी सर्वांत जास्त झुकली आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यातली जवळजवळ सरळ राहिली. तेव्हापासून मोठी थाळी मी मागे सरकवून ठेवतो.

पाच मिलिमीटरच्या दोन काचा एकजीव करण्यासाठी माझ्या भट्टीत स्थिरावलेले आकडे देतो. ते दुसऱ्या भट्टीत दहा-वीस अंशांनी हलतील. ताशी १५० अंशांनी ५४० पर्यंत, तेथून ६७० वर अर्धा तास मुक्काम, म्हणजे वरची काच हळूहळू बसताना दोन थरांमधील हवा कडेने निघून जाते. पुढे जमेल तितक्या वेगाने ८२५, तेथे दहा-पंधरा मिनिटे, आणि मग ५५० पर्यंत मोकळे उतरू द्यावे. त्यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कंटाळवाणा असतो. ५५० वर दोन तास ॲनीलिंग, म्हणजे आतला-बाहेरचा ताण निघून जाईपर्यंतचा मुक्काम. ४८० पर्यंत ताशी ५०, ३७० पर्यंत ताशी १०० आणि पुढे झाकण न उचलता भट्टी आपोआप निवू द्यावी. जाडी दुप्पट झाली की हा वेळ दुप्पट नव्हे, त्याहून बराच अधिक लागतो. एकच पातळ काच पूर्ण वितळवण्याचा मोह टाळावा. वितळलेली काच पृष्ठताणामुळे साधारण सहा-सात मिलिमीटर जाडीकडे झुकते, म्हणून तीन मिलिमीटरची काच कडा आत ओढून घेते आणि मधे फुगे धरते.

काचेच्या निवडीत चूक झाली तर भट्टी काहीही करू शकत नाही. खिडकीची साधी काच आणि परदेशी बनावटीच्या ९० किंवा ९६ क्रमांकाच्या (हा आकडा प्रसरणाचे प्रमाण सांगतो) रंगीत काचा उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. त्या एकत्र वितळतात खऱ्या, पण निवताना एकमेकींना तडकवतात. दोन दुकानांतून आणलेली साधी काचही सारखीच असेल असे नाही, म्हणून एका वस्तूसाठी एकाच तावातून तुकडे कापावेत. लॅमिनेटेड काच भट्टीत घालू नये, तिच्यातील प्लॅस्टिकचा थर जळतो. साध्या काचेची एक बाजू तयार होताना वितळलेल्या कथिलावर तरंगलेली असते आणि ती पुन्हा तापली की तिच्यावर धूसर झाक येऊ शकते. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली अंधारात ही बाजू दुधट चमकते; डोळ्यांना चष्मा लावून पाहावे. ती बाजू मी खाली, फळीकडे ठेवतो.

वर दुधावरच्या सायीसारखा पांढुरका, किंचित सुरकुतलेला थर आला, तर तो स्फटिकांचा असतो आणि त्याचे मूळ बहुधा अस्वच्छतेत सापडते. येथे नळाला काही दिवसांआड पाणी येते, मधल्या दिवसांत बोअरवेल किंवा टँकर, आणि त्या जड पाण्याचे वाळलेले थेंब काचेवर क्षारांचे ठिपके सोडतात. शेवटचे धुणे आरओच्या पाण्याने करावे. पुसण्यासाठी मात्र आपल्या गावचा प्रसिद्ध टॉवेल घेऊ नये, तो तंतू सोडतो. अनेकदा धुतलेले जुने मलमल उत्तम.

तडा गेला तर तुकडे टाकून देण्यापूर्वी त्यांच्या कडा पाहाव्यात. कड गोलसर, वितळलेली असेल तर काच चढतानाच फुटली होती, आणि सुरुवातीचा वेग कमी करावा लागेल. कड धारदार असेल तर निवताना फुटली, आणि दोष ॲनीलिंगचा किंवा न जुळणाऱ्या काचेचा. साच्यात वाकवलेल्या वस्तूचे दोन्ही तुकडे वक्राकारातही तंतोतंत जुळले, तर तडा आकार घेतल्यानंतरचा समजावा.

साच्यांसाठी कुंभार वेशीतून आणलेल्या मातीच्या परळांनी माझे काम स्वस्तात भागवले. तळाला बारीक भोक पाडून, पूर्ण सुकवून, अॅल्युमिना हायड्रेट आणि केओलिनचे पातळ पाण्यातील चार हात दिले की काच चिकटत नाही. मात्र मातीवर बाहेरून काच ओघळवू नये, कारण निवताना काच मातीपेक्षा जास्त आकुंचन पावते आणि तिच्यावर आवळून बसते. त्या प्रकारासाठी स्टेनलेस स्टीलची वाटी घ्यावी, ती काचेहून अधिक आकसते व सुटी होते. फळीवरचा लेप ८०० अंशांच्या वर एकदा गेला की खरवडून नव्याने द्यावा. जुन्यावर भागवल्यास तो काचेच्या पाठीला चिकटतो आणि व्हिनेगरमध्ये भिजवून घासत बसावे लागते.

घासकामासाठी मी हिऱ्याच्या कणांचे हातपॅड घेतले: ६०, १२०, २००, ४०० आणि ८०० क्रमांकांचे. मोठ्या सपाट पृष्ठासाठी जाड काचेच्या पाटीवर सिलिकॉन कार्बाइडची भुकटी आणि पाणी पुरते. काच कायम ओली ठेवावी. कोरडी घासल्यास ती स्थानिक तापून कड उडते, आणि उडणारी बारीक भुकटी फुप्फुसांसाठी वाईट असते. साचलेला गाळ वाळल्यावर झाडू नये, ओलाच पुसावा. प्रत्येक पायरीपूर्वी पृष्ठावर मार्करने जाळी काढावी आणि ती सगळीकडून पुसली जाईपर्यंत पॅड बदलू नये. २०० वरून ४०० ला जाण्याची घाई सर्वांत महाग पडते, कारण राहिलेला ओरखडा शेवटच्या सेरियम ऑक्साइडच्या (काच चकाकवणाऱ्या भुकटीच्या) पॉलिशमध्येच उघडा पडतो आणि तीन पायऱ्या मागे जावे लागते. पाण्याची टंचाई असली तरी दोन क्रमांकांचे पाणी एकत्र करू नये. मी प्रत्येकासाठी वेगळी बादली ठेवतो, रात्रभर निवळू देतो, वरचे पाणी पुन्हा वापरतो आणि तळाचा गाळ वाळवून कचऱ्यात देतो. गटारात सोडल्यास तो पाइपमध्ये दगडासारखा बसतो. टॉवेलाचा खरा उपयोग येथे आहे: घडी घालून ओला टॉवेल खाली ठेवला की काच सरकत नाही.

घासताना काच अचानक फुटली की दोष पॅडला दिला जातो. बहुधा ताण भट्टीतूनच आलेला असतो. म्हणून पारदर्शक वस्तू घासण्यापूर्वी लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरून पोलराइज्ड गॉगलमधून पाहावी. गॉगल फिरवून पडदा काळा केला की ताण असलेली जागा उजळ दिसते. अशी वस्तू पुन्हा ॲनीलिंगला लावावी.

आता भट्टीची आजची अवस्था. झाकणाच्या विटांवर केसासारख्या चिरा आहेत, त्या अपेक्षित होत्या. तारा एकदा तापल्यावर ठिसूळ होतात, म्हणून बाहेर आलेले वेटोळे थंड असताना वाकवू नये. माझी खरी तक्रार सॉलिड स्टेट रिलेबद्दल, म्हणजे कंट्रोलरच्या इशाऱ्यावर तारांची वीज चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचबद्दल आहे. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४२ अंश असताना त्याचे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) हात लावू देत नव्हते, आणि असा रिले बिघडतो तेव्हा बहुधा बंद पडत नाही, चालूच्या अवस्थेत अडकतो. म्हणजे कंट्रोलरने थांबायला सांगितले तरी भट्टी तापतच राहते. निर्मात्याने यासाठी वेगळी सोय दिलेली नाही. इलेक्ट्रिशियनकडून हीटसिंकवर पंखा आणि मर्यादेबाहेर तापमान गेल्यावर मुख्य पुरवठा तोडणारा कॉन्टॅक्टर (मोठा विद्युत स्विच) बसवून घेतला, त्याला वेगळे थर्मोकपल दिले. ही भट्टी घेणाऱ्याने हे काम पहिल्या आचेपूर्वीच करून घ्यावे.